काचेच्या मागून: फिश टँकचं घरगुती बॅकग्राउंड

मागच्या दोन आठवड्यांत नवा भाग आला नाही, त्याबद्दल बऱ्याच जणांचे मेसेज आले. कारण सांगतो. माझी टाकी गळतेय. म्हणजे घरावरची पाण्याची टाकी नाही, माशांची. डाव्या कोपऱ्यातून थेंब थेंब. खाली ठेवलेलं फडकं सकाळी पिळावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, दोन फुटाची टाकी आहे, नवीन घे, विषय संपला. दुकानदारानेही तेच सांगितलं. पण या टाकीच्या मागच्या काचेवर एक चित्र आहे, आणि ते माझ्या वडिलांनी काढलेलं आहे. म्हणून आजचा भाग त्यावर. बॅकग्राउंड कसं रंगवायचं ते सांगतोच, पण आधी माझ्या हातून काय वाटोळं झालं तेही सांगतो, म्हणजे तुमचे मासे वाचतील.

सुरुवात धुळ्यापासून करतो. कॉलेजला मी धुळ्यात मामांकडे राहायचो. पावसाळा संपता संपता आरोग्य खात्याची माणसं घरोघर यायची, रांजण-हौद बघायची, आणि ज्यांच्या घरी उघडा हौद आहे त्यांना पिशवीतून गप्पी मासे द्यायची. डासांच्या अळ्या खातात म्हणून. मामींच्या हौदात तसे सात-आठ मासे सोडले आणि चार-पाच महिन्यांत मोजता येईनात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, साधारण महिन्याला एक वेत. घरी जळगावला परत येताना मी त्यातले चौदा एका बरणीत घालून एसटीने घेऊन आलो. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा बरणीचं झाकण उघडून हवा दिली होती, एवढं आठवतं.

टाकी घेतली दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 56 किलो, त्यावर काच आणि वाळू. हे लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण टीव्हीच्या हलक्या शोकेसवर टाकी ठेवतात आणि मग फळी वाकते.

तर टाकी भरली, मासे सोडले, आणि दिसायला अगदीच उघडीबोडकी. मागे आमची भिंत, भिंतीवर कॅलेंडर, एक्स्टेन्शन बोर्ड, लोंबणारी वायर. मासे कमी आणि वायरच जास्त दिसायची.

मग मी यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला. परदेशातल्या कुणीतरी थर्मोकोल कोरून, त्यावर सिमेंट लावून खडकाची हुबेहूब भिंत केली होती. बघताना फार सोपं वाटतं हो. जळगावात थर्मोकोलची काय कमी? उन्हाळ्यात कूलर-फ्रिजच्या दुकानांमागे ढीग पडलेला असतो. दोन इंच जाडीचा तुकडा आणला, चाकूने कोरला, मेणबत्तीने थोडा वितळवून खाचा पाडल्या (हे बंद खोलीत करू नका, धूर वाईट असतो), सिलिकॉनने मागच्या काचेला चिकटवला. वरून सिमेंटचे दोन हात. दोन दिवस वाळवला, पाणी भरलं, आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले.

रात्री साडेदहाला बघितलं तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मला वाटलं ऑक्सिजन कमी पडतोय. पंप वाढवला आणि झोपलो. सकाळी अकरा मेलेले. तीन जिवंत होते, तेही कडेला कलंडलेले. त्या तिघांना बादलीत काढलं.

काय झालं होतं? ओल्या नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. पाण्याचा पीएच झपाट्याने वर जातो. नंतर मी पीएचची पट्टी बुडवली तर ती गडद निळी झाली, दहाच्या आसपास. इतक्या अल्कलीच्या पाण्यात माशांचे कल्ले भाजतात. वर आणखी एक गोष्ट: माशांच्या विष्ठेतून जो अमोनिया पाण्यात येतो, त्याचं पीएच वाढला की जास्त विषारी रूप होतं. म्हणजे दोन्हीकडून मार. सिमेंट वापरायचंच असेल तर ते आठवडेच्या आठवडे पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत, पट्टीवर पीएच स्थिर आल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. व्हिडिओत हे सांगितलं होतं का? होतं. शेवटच्या मिनिटाला. मी तो पुढे ढकलून बघितला होता. चूक माझीच.

आणि गंमत पुढे आहे. मासे गेले, पण मी म्हटलं भिंत तरी वाचवू, भिजत ठेवू. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून 'टप्' असा आवाज आला आणि अख्खा खडक काचेपासून सुटून वर तरंगायला लागला. अर्धं सिमेंट तुटून खाली. याचं गणित मी नंतर केलं. दोन फूट बाय एक फूट, दोन इंच जाड थर्मोकोल म्हणजे साधारण सव्वानऊ लिटर आकार. पूर्ण पाण्यात बुडवला तर नऊ किलोच्या आसपास जोराने तो वर ढकलतो. कोरून निम्मा उडवला तरी चार-साडेचार किलो. तेवढा जोर रात्रंदिवस त्या सिलिकॉनवर. माझं सिलिकॉन धुळकट काचेवर लावलेलं, ते किती टिकणार?

त्या दिवशी आप्पा दारात येऊन उभे राहिले. आप्पा म्हणजे वडील. पांझरेकाठच्या गावचे, त्यामुळे घरात बोलणं अहिराणीतच. बघून म्हणाले, "हाई काय करी ठेवं तू?" आणि आत निघून गेले. पुढे काही बोलले नाहीत. तिघे मासे मी घरावरच्या सिमेंटच्या जुन्या टाकीत सोडले. तिथे ते मजेत राहिले, कारण ती टाकी पंधरा वर्षं भिजलेली.

आता थोडं थांबून हे बघू, की बॅकग्राउंड लागतंच कशाला. आपल्यासाठी म्हणजे शोभा, हे उघड आहे. पण माशाच्या जागी बसून बघा. पाण्यातून काचेकडे तिरकं बघितलं तर एका कोनापलीकडे काच आरशासारखी वागते, पलीकडचं काही दिसत नाही, आतलंच उलटून दिसतं. म्हणजे त्याला स्वतःचीच प्रतिमा दिसत राहते. समोरून मात्र सगळं आरपार: चालणारी माणसं, लागणारे दिवे, पंख्याची सावली. आरशावर धडका मारणारी फायटर तुम्ही बघितली असेल. काचेला बाहेरून रंग थेट चिकटला की मधली हवा जाते, आणि तो आरसा बराच मंद होतो.

दुसरं, रंग. बरेच मासे आजूबाजूच्या उजेडानुसार स्वतःचा रंग फिका किंवा गडद करतात. त्वचेत रंगाच्या पेशी असतात, त्यातले कण पसरले की गडद, गोळा झाले की फिके. मधमाश्यांच्या नाचासाठी 1973 साली नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश, त्यांनी तरुणपणी आधी मिनो नावाच्या छोट्या माशांच्या याच रंगबदलावर काम केलं होतं. पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या वाळूवर ठेवलेला मासा धुतल्यासारखा दिसतो तो यामुळे. त्याला आजारी समजून औषधं ओतू नका.

ज्यांना झंझट नको त्यांच्यासाठी: स्टेशनरीच्या दुकानातून काळा किंवा गडद निळा कार्डशीट आणा, मागच्या काचेच्या बाहेरून ग्लिसरीन किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात मारा, त्यावर कागद दाबून जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे काढा. तेलामुळे कागद काचेला चिकटतो, चकाकत नाही. कागद तेलाने डागाळतो, म्हणून प्लास्टिकचा कार्डशीट घ्या. दहा मिनिटांचं काम. चित्र छापलेला पोस्टरही असाच लावतात. पण पोस्टरवर बहुतेक वेळा कोरल आणि समुद्री मासे छापलेले असतात आणि पुढे आपली गोड्या पाण्यातली गप्पी. ज्याला चालतं त्याला चालतं, मला नाही चाललं.

आता आप्पांविषयी.

आप्पा बोर्ड पेंटर. पांझरेकाठचं गाव सोडून तरुणपणी जळगावात आले ते इथलेच झाले. दाणा बाजारातल्या, फुले मार्केटमधल्या किती दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते याची मोजदाद नाही. दूधवाल्याच्या गाडीवर नाव, ट्रकच्या मागे फुलं, शाळेच्या भिंतीवर नकाशा, निवडणुकीत भिंती. मी लहान असताना फ्लेक्स आला. आधी पुढाऱ्यांचे वाढदिवस फ्लेक्सवर गेले, मग दुकानं गेली. एका बोर्डाला आप्पांना दोन दिवस लागायचे, फ्लेक्स तासाभरात छापून यायचा, तोही स्वस्त. काही वर्षांनी आप्पा चटईच्या कारखान्यात लागले. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया होतात ते माहीतच असेल. ब्रशांचा डबा माळ्यावर गेला.

मी काही भावनेच्या भरात त्यांच्याकडे गेलो नव्हतो. मला फुकटात रंगवून हवं होतं, खरं तेच सांगतो. मी मोबाइलवर ॲमेझॉनच्या जंगलाचा फोटो दाखवला आणि म्हटलं, आप्पा, काचेवर एवढं काढून द्या. ते म्हणाले, "मासा काय बोर्ड वाचस का?" मासा काय बोर्ड वाचतो का. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

चार दिवसांनी मी कामावरून आलो तर टाकी ओट्यावर. रिकामी, आतून-बाहेरून पुसलेली. मागची काच स्पिरिटने घासलेली. आप्पांनी फक्त एवढं म्हटलं की आईचा आरसा आण.

इथे ऐकणाऱ्यांनी जरा लक्ष द्या, कारण ही या कामातली खरी मेख आहे. काचेवर चित्र बाहेरून काढायचं, पण बघायचं पुढून, काचेतून. म्हणजे जो रंग तुम्ही पहिल्यांदा लावाल तो सगळ्यात पुढे दिसणार, आणि त्याच्यावर जे लावाल ते त्याच्या मागे जाणार. कागदावर आपण आधी आभाळ रंगवतो, मग त्यावर झाड, मग झाडावर पक्षी, मग पक्ष्याचा डोळा. इथे सगळं उलटं. आधी डोळा. डोळ्यातसुद्धा आधी तो पांढरा चकाकणारा ठिपका, मग काळं बुबुळ, मग त्याभोवतीचं पिवळं, मग मासा, मग दगड, आणि शेवटी पाणी. आप्पांचं वाक्य होतं, "पहिले डोया, मंग मासा." चुकलं तर वरून रंग मारून झाकता येत नाही. झाकलेलं मागे जातं, चूक पुढेच राहते. ब्लेडने खरवडून पहिल्यापासून करायचं.

बोर्ड पेंटरांना ही विद्या येते, कारण डॉक्टर-वकिलांच्या काचेच्या पाट्या अशाच लिहायच्या. अक्षर मागून, उलटं, आणि त्याची सावली नंतर. पाऊस लागला तरी पुढून काच असते, रंग जात नाही. आप्पांना 'डॉ.' उलटा लिहायला विचार करावा लागत नव्हता. ही पद्धत जुनीच आहे. अठराव्या शतकात चीनहून व्यापारी जहाजांतून काचेवरची अशी चित्रं पश्चिम भारतात यायची, पुढे आपल्याकडचे कारागीरही काढू लागले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलात तर जुनी काचचित्रं बघा. पण पुढून बघताना मनात उलटा क्रम लावून बघा, वेगळीच मजा येते.

आरसा कशाला? आप्पा टाकीच्या मागे बसले, टाकीच्या पुढे आरसा उभा केला. म्हणजे हात मागे आणि पुढून काय दिसतंय ते आरशात. मी म्हटलं, मी पुढे फोन ठेवतो, दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून तुम्हाला दाखवतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आरसाच नीट धरला.

त्यांचे जुने इनॅमलचे डबे दगड झाले होते, म्हणून मी अक्रिलिक आणून दिले. मे महिना होता. जळगावचा मे. अक्रिलिक ब्रशवरच वाळायचा. आप्पा वैतागायचे, हा रंग थांबतच नाही म्हणून. शेवटी पहाटे साडेपाच ते आठ एवढंच काम, नऊ दिवस. तुम्ही उन्हाळ्यात करणार असाल तर हाच सल्ला: सावलीत, सकाळी, आणि रंगात थेंबभर पाणी. जास्त पाणी घातलं तर काचेवर तो थेंब थेंब गोळा होतो, पसरत नाही. काचेला बोटाचा तेलकट डाग राहिला तर वाळल्यावर तिथूनच पापुद्रा सुटतो. एक हात जाड मारण्यापेक्षा तीन हात पातळ, आणि दिव्यासमोर धरून बघायचं, कुठे आरपार दिसतंय का. नुसता एकरंगी काळा किंवा निळा करायचा असेल तर टाकी गोधडीवर पालथी, म्हणजे पुढची काच खाली अशी ठेवा. मागची काच आडवी झाली की रंग ओघळत नाही. कडांना टेप लावा, आणि टेप रंग पूर्ण वाळायच्या आत काढा, नाहीतर कडेचा रंग सोबत येतो.

काय काढलं? ॲमेझॉन नाही. पहिले तीन दिवस मला कळलंच नाही, कारण आधी बारीकसारीक गोष्टीच येत होत्या. चार ठिपके, गवताच्या दोन काड्या, शेवाळाचा एक तुकडा, सगळे काचेवर अधांतरी. चौथ्या दिवशी दगड आले तेव्हा ओळखलं. पांझरेचा बंधारा. गावाखालचा.

धुळ्याच्या पोरांना माहीत असेल, जळगावकरांना कदाचित नसेल: पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, कित्येक पिढ्यांपूर्वीचे. बंधारा पाणी साठवत नाही, फक्त थोडं उचलतो आणि पाटात वळवतो. पुढे पाणी उताराने शेतात. गावची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणाला कधी ते पाटकरी बघणार. याला फड पद्धत म्हणतात. नद्यांना पाणीच कमी राहिल्याने पुष्कळ ठिकाणी ती मोडली. आप्पांचे वडील काही वर्षं पाटकरी होते. बंधाऱ्याखाली डोह, त्यात पोरं पोहायची. डोळे उघडे ठेवून पाण्याखाली गेलं की भिंतीचे दगड, त्यांच्या फटीत मरळ. तेच त्यांनी काढलं. डोहाच्या आतून दिसणारा बंधारा.

दगडावरून आमचं वाजलं. मी काळा रंग काढून दिला तर म्हणाले, "दगड काया नही ऱ्हास." आपल्या खान्देशात सगळा बसाल्ट, आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. पण ओला, पाण्याखालचा, नीट बघा. त्यात निळसर राखाडी असतो, आणि जिथे दगड जुना झाला तिथे लोखंड गंजून तांबूस तपकिरी. अजिंठ्याला गेलात तर वाघूर नदीच्या पात्रातले दगड बघा, हेच दिसेल. आप्पांनी काळा जवळजवळ वापरलाच नाही. तपकिरी आणि निळा मिसळून काळपट केला. त्यामुळे त्या भिंतीला खोली आली. माझा काळा लावला असता तर ती डांबरासारखी दिसली असती, हे आता कबूल करतो.

वरच्या बाजूला उजेड. तो सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात मागे. वरून फिका हिरवट, खाली येता येता गडद. ब्रशने नाही, स्पंजच्या तुकड्याने थोपटून. नवव्या दिवशी त्यावर सगळीकडून पांढऱ्याचा एक हात, म्हणजे पाठीमागची भिंत आरपार येऊ नये, आणि वरून वॉर्निशचा हात, म्हणजे ओरखडा पडू नये.

एक धोक्याची गोष्ट, ही नीट ऐका. रंग बाहेरून आहे म्हणजे माशांना धोका नाही, हे अर्धंच खरं. वॉर्निश, टर्पेंटाइन, इनॅमल यांचा वास खोलीत असेल आणि तिथेच एअर पंप चालू असेल, तर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणून टाकी रिकामी करून बाहेर रंगवायची आणि वास पूर्ण गेल्यावर, आठवडाभराने आत आणायची. हेच डास मारायच्या स्प्रेचं. त्यात पायरेथ्रॉइड असतात आणि ती माशांना फार घातक. संध्याकाळी खोलीत फवारायचं आणि सकाळी मासे मेले की पाण्याला दोष द्यायचा, असं चालतं. डासांसाठी आणलेले गप्पी डासांच्या औषधाने मारायचे, म्हणजे कमालच.

उन्हाचंही पटकन सांगतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 ला 7 च्या आसपास. फरक छोटा वाटतो, पण गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो जास्त. त्यामुळे मे महिन्यात खाणं कमी, पंप चालू, टाकीवरचा दिवा दुपारी बंद. लाइट गेली तर तांब्याने पाणी उचलून वरून सोडायचं.

तर टाकी आत आली. वाळू घातली, पाणी भरलं, गच्चीवरच्या टाकीतून गप्पी आणले. तिघांचे तोवर तीस झाले होते. पहिले दोन दिवस ते फिल्टरच्या मागे लपले, मग बाहेर आले आणि बंधाऱ्याच्या फटींपुढे फिरायला लागले. रंगवलेल्या शेवाळाला एक जण टोचत होता. आप्पा संध्याकाळी कारखान्यातून आले की खुर्ची ओढून समोर बसायचे. काही बोलायचे नाहीत. शेजारचा एक मुलगा आला, त्याने विचारलं हे कुठून ऑनलाइन मागवलं, आणि आप्पा हसले.

त्यानंतर ते परत रंगवायला लागले वगैरे काही झालं नाही. दोन जणांनी टाक्या रंगवून मागितल्या, आप्पांनी नाही म्हटलं. पाठ दुखते म्हणाले. डबा परत माळ्यावर गेला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता गळती. मागच्या आठवड्यात मासे बादलीत काढले, पाणी काढलं, आणि मग वाळू. इतकी वर्षं तळाची वाळू मी पूर्ण कधी काढली नव्हती. काढली तर खाली, अगदी तळाशी, वाळूने झाकलेल्या दीड इंचाच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात, बारीक पिवळ्या अक्षरांत त्यांची सही. प्रत्येक बोर्डावर करायचे तशीच. नाव, खाली 'पेंटर', खाली 'जळगाव'.

मी बराच वेळ बघत बसलो. कारण ती दगडाच्या पुढे आहे. म्हणजे दगडाआधी केलेली. पहिल्या दिवशीच, चार ठिपक्यांच्याही आधी केलेली असेल, मी आरसा आणायला आत गेलो होतो तेव्हा. वाळू कुठपर्यंत येणार हे त्यांनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मला वाटलं, असंच विचारतायत.

त्यांना काही बोललो नाही. फक्त विचारलं, टाकी गळतेय, काय करू. तर, "भंगारमा टाकी दे."

नाही टाकणार. मी चौकशी केली. सिलिकॉनचा जोड कापता येतो. आधी लांब ब्लेड, मग बारीक तार करवतीसारखी ओढत, दोघांनी दोन बाजूंनी. मागची काच सुटी काढायची, तिच्या कडांवरचं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडायचं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. मग बाकीच्या चार काचा नव्या कापून तिच्याभोवती टाकी परत उभी करायची. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेलं मिळतं, ते माशांना चालत नाही. जोडल्यावर निदान दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, आणि पहिल्यांदा पाणी भरायचं ते बाहेर अंगणात, चोवीस तास.

काचवाले काका म्हणाले, करून देतो, पण काढताना तडकली तर मला बोलायचं नाही. नव्या टाकीपेक्षा खर्चही जास्त येतोय. मी फोटो काढून ठेवलेत, भरपूर. तरी रविवारी जायचं ठरवलंय.

काल रात्री जेवताना आईला हे सांगत होतो. आप्पा ऐकत होते की नाही माहीत नाही, ताटाकडे बघत होते. हात धुवून आले आणि म्हणाले, "रविवारले कितला वाजता जानं शे?"

दहा वाजता, म्हटलं.

काय होतं ते पुढच्या भागात सांगतो. भेटू.